दोन बोटांएवढं तोंड

सोमवार, १९ मे

आज एक गंभीर तक्रार नोंदवते. बांकूचं आंबवलेलं मक्याचं पीठ घोटायच्या माझ्या लाकडी पळीभोवती स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ काढण्यात आली आहे. एकट्या पळीभोवती नाही, झाऱ्याभोवती, किसणीभोवती, चहाच्या गाळणीभोवतीसुद्धा. खून झालेल्या माणसाभोवती पोलीस खडूने ओढतात तशी. वर खिळा, खाली रेघ, आणि वस्तू वापरून झाली की आपापल्या रेघेत परत गेली पाहिजे. अठरा वर्षं मी ती पळी डोळे मिटून उचलत होते. आज हात लांबवला तर हाताला गाळणी आली, आणि तोवर पीठ पातेल्याच्या बुडाला लागलं. या अन्यायाची दाद कुठे मागायची असते हे ठाऊक नाही म्हणून वहीत लिहिते.

हे काम गृहस्थांचं. गृहस्थ म्हणजे अशितेई लार्या, माझे पती. हॅम्बुर्गच्या बंदरातल्या गोदामात अठरा वर्षं काढून मार्चमध्ये कायमचे घानाला घरी आले. तिथे म्हणे प्रत्येक पान्याची रेघ भिंतीवर असते, रिकामी रेघ दिसली की काय हरवलं ते कळतं.

"किती सोयीचं आहे बघ, अदोले," ते म्हणाले.

"माझीही काढून ठेव कुठेतरी," मी म्हटलं. "म्हणजे मी हरवले तर कळेल."

ते हसले. हसणं चांगलं आहे त्यांचं. त्यांचं सगळंच चांगलं आहे, हीच तर पंचाईत. पीत नाहीत, ओरडत नाहीत, आक्राच्या डान्सोमन भागातलं हे घर त्यांच्याच पैशाने बांधलेलं. तक्रार करायला बोट ठेवावं अशी जागा नाही.

पण वही उघडली ती पळीसाठी नाही. एप्रिलपासून डावा जबडा दुखतो आहे. आधी कानात ठणका, मग कानशिलात. आता सकाळी तोंड उघडायला खटपट करावी लागते आणि उघडताना कट्‌ असा आवाज होतो. दुसऱ्या कुणाला हे झालं तर तो सूप पिऊन दिवस काढेल. माझं पोट माझ्या तोंडावर आहे. साखरपुड्यात मुलीकडून बोलणारी बाई म्हणून आक्रात माझं नाव आहे. मुलाकडचे बाटल्या आणि कापडं घेऊन दारात येतात, त्यांना आत घेण्याआधी बोलून बोलून त्यांची जी सालं काढायची असतात ती मी काढते. मुलीवाल्या टागो कुटुंबाने आगाऊ दिलेली श्नॅप्स दारूची बाटली मी जुलैतल्या बारा तारखेच्या शनिवारसाठी आधीच स्वीकारली आहे. बाटली घेतली म्हणजे शब्द गेला. ती परत करणारी बाई आमच्यात अजून जन्मलेली नाही, आणि जन्मली तर तिला पुन्हा कुणी बाटली देणार नाही.


गुरुवार, २२ मे

कानाच्या डॉक्टरने कान उत्तम आहे असं सांगून पैसे घेतले आणि दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. ही डॉक्टर सेलासी, माझ्या भाचीच्या वयाची, वोल्टा प्रांतातली. कानापुढच्या सांध्यावर बोट ठेवून म्हणाली, "आँटी, तोंड उघडा."

"उघडलंय."

"एवढंच?"

तिने माझीच बोटं माझ्या तोंडात उभी घालायला लावली. तीन मावायला हवीत. दोन मावली, तीही दाटीने.

दात झिजलेले आहेत म्हणाली. झोपेत मी दात खाते. मी म्हटलं, मी खात नाही. ती म्हणाली, "झोपेत कोण काय करतं ते त्याला कुठे माहीत असतं? घरात कुणी ऐकलंय का?"

मग तिने विचारलं, "हे सुरू झालं त्याच्या आसपास काही बदललं होतं का? घरात, कामात?"

मी नीट आठवून सांगितलं, "काही नाही. नवरा परत आला, आणि शेजाऱ्याने जनरेटर घेतला."

तिने पहिलं तेवढं लिहून घेतलं. जनरेटरबद्दल एक अक्षर नाही. आजकालच्या मुलांचं लक्षच नसतं. तो जनरेटर म्हणजे भिंतीपलीकडे बांधलेला बोकड आहे, दिवसभर एकाच सुरात.

कोणत्या कुशीवर झोपता असंही विचारलं. उजव्या, भिंतीकडे तोंड करून, पलंगाच्या अगदी काठावर. डावीकडे गृहस्थ असतात.

तिचं म्हणणं, गरम ओल्या फडक्याचा शेक, मऊ जेवण, आणि रात्री दातांवर चढवायची कडक स्प्लिंट. किंमत ऐकून तोंड उघडं पडलं असतं, पण ते उघडत नव्हतं.


रविवार, २५ मे

चर्चच्या दारात सातजणींनी अभिनंदन केलं. "अदोले, तुझ्या घरात आता माणूस आहे." "अदोले, देवाने तुझं वाट पाहणं फुकट घालवलं नाही." मी दात दाखवून हसले. घरी येईपर्यंत कानशील ठणकायला लागलं. चर्चमधले पंखे जबड्याला बाधतात असं दिसतं.

येताना कोपऱ्यावर काईकडे मक्याची उकडलेली केंकी घेतली. काई केंकी विकते, आणि बरोबर सगळ्या गल्लीची खबर फुकट देते.

"तू दिसत नाहीस हल्ली बाकावर," ती म्हणाली.

"गृहस्थ साडेसहाला जेवतात. आठला फाटकाला कुलपं लागतात. तीन."

"मग किल्ली घे."

"कशाला? चोर येऊ नयेत म्हणून लावतो बिचारा."

"चोर आत येऊ नयेत म्हणून की बाई बाहेर जाऊ नये म्हणून?"

"तुझ्या बाकावर बसायला कोण मरतंय? त्याची फळी टोचते."

बारा वर्षं मी त्या फळीवर रोज संध्याकाळी बसत होते. टोचते हे खरंच आहे.


मंगळवार, २७ मे

गृहस्थ रोज सकाळी बुकोमला मुष्टियुद्धाच्या तालमीत जाऊन बसतात. लहानपणी तिथे खेळायचे, आता नुसतं बघतात. आज तिथून माझ्यासाठी भेट आणली: खेळाडू दातांवर घालतात ते रबराचं गार्ड, नवं, पिशवीतलं. रंग लाल.

"उकळत्या पाण्यात टाकायचं, मऊ झालं की चावायचं, तुझ्या दातांचा साचा उमटतो," ते म्हणाले. "डॉक्टरीण सांगते ते हेच. फक्त ती त्याचे विमानाच्या तिकिटाएवढे पैसे घेते."

माझ्या दुधाच्या भांड्यात उकळलं. चमच्याने काढलं, माझ्या तोंडात बसवलं, हनुवटीखाली हात धरून म्हणाले, "चाव. आता गालांनी आत ओढ." आरशात बघितलं तर तिसऱ्या फेरीत हरणारी कुणीतरी बाई दिसली.

मग हळूच म्हणाले, "तू रात्री खातेस गं दात. होमोवो सणाच्या आधीची ढोलबंदी चालू आहे. महिनाभर शहरात टाळीसुद्धा वाजवायची नाही. पारंपरिक सभेची माणसं फिरताहेत, त्यांनी ऐकलं तर तुझे दात जप्त करून नेतील."

विनोद बरा होता. मी हसले नाही. विनोद करणं हा या घरात माझा धंदा आहे.


मंगळवार, ३ जून

आठवडाभर लाल गार्ड. निकाल लिहून ठेवते. पहिल्या दिवशी बरं वाटलं, दात दातावर आपटत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून लक्षात आलं की मी ते चघळते आहे. मऊ आहे म्हटल्यावर जबडा कामालाच लागला, जन्मभर च्युइंगम न मिळालेल्या पोरासारखा. आज सकाळी त्यावर दाढांचे खड्डे होते आणि तोंड दीड बोट.

गृहस्थांना गार्ड दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरून गोदामातल्या मालासारखं तपासलं.

"याला भोक पाडलंस जवळजवळ."

"तुझा माल हलका."

"माल हलका नाही, तुझी चावण्याची ताकद मोठी आहे." ते परत देत म्हणाले, "बरं होईल. होमोवोपर्यंत तीन बोटं उघडेल तोंड. पैज लाव."

"कशाची?"

"तांबोशीच्या डोक्याची."

इथे खुलासा करायला हवा. तांबोशी माशाचं डोकं या घरात माझं असतं. लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यावरून भांडण झालं, मी जिंकले, दहा वर्षांनी गृहस्थ परदेशी गेले आणि अठरा वर्षं मी ते बिनविरोध खाल्लं. डोळ्यामागचं मांस, गालफडं, सगळं चोखून. मार्चपासून मात्र चमत्कारिक चाललं आहे. डोकं ताटात मध्ये असतं. ते म्हणतात तू घे. मी म्हणते तू घे. दोघंही घेत नाही. एप्रिलपासून तर मला चावताच येत नाही. काईची मांजर गरोदर बाईसारखी गुबगुबीत झाली आहे.

"लागली," मी म्हटलं. "तीन बोटं काही उघडत नाही. हे दुखणं मी बरोबर घेऊन जाणार."

पैज हरले तर बरी होईन, जिंकले तर डोकं मिळेल पण खाता येणार नाही. कसली ही पैज. हा माणूस अशाच गोष्टी सुचवतो.


बुधवार, १८ जून

गेल्या आठवड्यात साचा घेतला. गुलाबी लगदा भरलेली पत्र्याची तसराळी वरच्या दातांवर दाबून धरली. श्वास नाकाने घ्या म्हणाली. तोंड भरलेलं, खुर्ची मागे टाकलेली, डोक्यावर दिवा, आणि कोणी विचारलं तर उत्तर देता येत नाही. विचित्र म्हणजे मला ते नवीन वाटलं नाही.

आज स्प्लिंट मिळाली. पारदर्शक, काचेसारखी कडक, वरच्या सगळ्या दातांवर बसणारी. चावून काळा कागद उमटवत, इथे तिथे घासत, डॉक्टर सेलासीने ती तासभर बसवली.

"रबराचं गार्ड बाहेरून ठोसा बसणाऱ्यासाठी असतं, आँटी," ती म्हणाली. "दात पडू नयेत म्हणून. ते वाईट नाही, पण तुमचं काम वेगळं आहे. मऊ वस्तू मिळाली की काहींचे स्नायू आणखी चावत सुटतात. ही कडक आहे, गुळगुळीत. दात हिच्यावरून घसरतात, पकड मिळत नाही, सांध्यावरचा भार कमी होतो."

"म्हणजे हिने बरं होईल."

"तसं मी म्हणाले नाही. दात वाचतील. दुखणं कमी होईल, बऱ्याच जणांचं होतं. पण तुम्ही का चावता, ते हिला माहीत नसतं."

"मग कुणाला माहीत असतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. पगार घेऊन असं बघत बसतात.

पैसे गृहस्थांनी मुकाट्याने भरले. चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही. अशा माणसाचं काय करावं?


गुरुवार, २६ जून

तुलना. लाल गार्ड: उठल्यावर दुखणं जास्त, बोटं दीड. काचेची स्प्लिंट: उठल्यावर दुखणं निम्म्याने कमी, बोटं दोन. लाल गार्डाने लाळ फार येते. स्प्लिंटने 'स'ची वाट लागते. लाल गार्ड पडलं तर उडतं, स्प्लिंट पडली तर प्राण उडतो. दोन्हींना जेवताना काढावं लागतं, दोन्ही काढल्यावर डबीत ठेवाव्या लागतात. गृहस्थांनी कपाटात दोन्ही डब्यांच्या रेघा काढल्या आहेत.

संध्याकाळी सव्वासहाला मी भेंडीचा रस्सा ढवळत असते तेव्हाच जबडा आवळायला लागतो. घड्याळ लावल्यासारखं. वाफेने असेल. साडेसहाला समोरासमोर बसतो. ते विचारतात, "दिवस कसा गेला?" दुपारपासून दोघंही याच घरात असतो. मी म्हणते, "बरा. तुझा?" ते म्हणतात, "बरा." मग चमच्यांचा आवाज. पूर्वी ते दोन वर्षांनी नाताळला तीन आठवडे यायचे, तेव्हा आम्ही पहाटेपर्यंत बोलत असू. तेवढ्यात सगळं बोलून संपलं असेल.

आठला कुलपं. एक, दोन, तीन. मी तिसऱ्या खटक्याची वाट बघते, कारण त्यानंतर काहीच वाजत नाही.


शनिवार, ५ जुलै

एक आठवडा राहिला. न्हाणीघरात उभं राहून सराव केला, कारण घरात दुसरीकडे एकटीला उभं राहायला जागा नाही. स्प्लिंट घालून बोलले तर 'स्वागत' ऐकून मुलाकडचे परत जातील. काढून बोलले तर दहा मिनिटांत ठणका.

काईला म्हटलं, "बाटली परत करू का?"

"वेडी झालीस? तुझ्या हाडांनाही कुणी बोलावणार नाही."

"तोंड उघडत नाही, काई."

"मग मिटून बोल. अर्ध्या गावाचे नवरे तसेच बोलतात."


रविवार, १३ जुलै

झालं. सविस्तर लिहिते, नंतर कदाचित लिहिता येणार नाही.

हॉल भरलेला. मुलाकडून बोलायला बायडू मास्तर, फांटे जमातीचा माणूस, घसा तुतारीसारखा. गृहस्थांनी मला गाडीने नेलं आणि मागच्या रांगेत बसले.

मास्तर गरजले, "आम्ही रस्त्याने चाललो होतो, तुमच्या बागेत एक फूल दिसलं."

एरवी मी तिथेच त्यांची फोडणी करते. काल दोन बोटांच्या फटीतून आवाज निघाला तो एवढासा. पहिल्या रांगेने मान पुढे केली. दुसऱ्या रांगेने पहिलीला गप्प केलं. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही ठरलेल्या वेळेच्या दीड तास नंतर आलात. फूल तोवर बी धरून बसलं. आधी उशिराचा दंड." हॉल असा शांत की पंख्याचा आवाज ऐकू यावा, आणि मग हशा. मी ओरडले नाही म्हणून त्यांना ऐकावं लागलं. मास्तर ओरडत राहिले आणि आणखी लहान होत गेले. पंचवीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

मग ठरलेला प्रश्न मी विचारला, आमची मुलगी राहणार कुठे. मास्तर छाती काढून म्हणाले, "दोघंही एकाच छताखाली, ईस्ट लेगॉनच्या नव्या घरात, मरेपर्यंत."

इथे माझा एक जुना विनोद आहे, दर दोन-तीन साखरपुड्यांत येतो. काल तो जरा लांबला, का ते माहीत नाही. मी म्हटलं, "आमच्या गा लोकांचे पूर्वज अडाणी होते, मास्तर. त्यांच्यात बायका बायकांच्या घरी राहायच्या आणि पुरुष पुरुषांच्या. दिवस कलला की बाई भांडं झाकून नवऱ्याच्या दाराशी जायची, आणि तो दिवसभर तिची वाट बघायचा. ती पावलं वाजवत यायची आणि हवं तेव्हा परत जायची. आता आपण शहाणे झालो. दोघांना वरच्या आणि खालच्या दातांसारखं एका तोंडात बसवतो, ओठ शिवतो, आणि मग विचारतो की हा करकर आवाज कुठून येतोय."

म्हाताऱ्या मांड्यांवर हात मारून हसल्या. नवरी लाजली. तिला तीनदा विचारलं, बाटल्या स्वीकारायच्या ना, ती तीनदा हो म्हणाली. मागच्या रांगेत एकच माणूस हसत नव्हता. गृहस्थांना विनोद पोचत नाहीत, परदेशात राहिल्याने.


सोमवार, १४ जुलै

सकाळी तोंड उघडलंच नाही. एक बोटसुद्धा आत जाईना. डॉक्टर सेलासीने फोनवर सांगितलं, ओढाताण करू नका, शेक द्या, गोळी घ्या, उद्या या.

शेक गृहस्थांनी दिला. खुर्ची जवळ ओढून गरम फडकं माझ्या गालाला धरून बसले. आणि बोलायला लागले. अठ्ठावीस वर्षांच्या लग्नात पहिल्यांदाच त्यांची वाक्यं पूर्ण झाली, त्यामुळे जसं आठवतं तसं लिहिते.

"तुला बोलता येत नाही म्हणून बोलतो, अदोले. एरवी तू मध्ये काहीतरी गमतीचं बोलतेस आणि माझं राहून जातं.

"हॅम्बुर्गला माझी एक खोली होती. खिडकीत बंदराची क्रेन. अठरा वर्षं तिथे म्हणत होतो, घरी गेलो की असं करू, तसं करू. आता घरी आहे आणि मला त्या खोलीची आठवण येते. हे कुणाला सांगायचं? लोक म्हणतील, डोकं फिरलंय.

"तू दात खातेस तेव्हा मी जागा असतो. मला वाटतं, मलाच खातेय. तू त्या भिंतीकडे तोंड करतेस, मी या. रेघा काढल्या त्या कशाला, माहीत आहे? या घरात माझी एकही वस्तू कुठे असते ते मला ठाऊक नव्हतं. तुलाही नव्हतं. तू माझा कप रोज वेगळ्या जागी ठेवतेस.

"माझा बाप जेम्सटाउनच्या घरात राहायचा. आई दोन गल्ल्या सोडून, तिच्या आईकडे. मी आईचा पदर धरून भांड्याबरोबर जायचो. बाप दारात उभा असायचा. कधी बसलेला बघितला नाही त्या वेळी.

"त्याची खोली रिकामी आहे. छप्पर गळतं. मी जातो. दुरुस्त करतो."

मग फडकं गार झालं होतं ते पुन्हा गरम करून आणलं.

सारांश: माझ्या दातांच्या आवाजाने गृहस्थांना झोप लागत नाही. परदेशात झोपेचे फार लाड होतात. मी वहीत उत्तर लिहून दाखवणार होते, चांगलं तिखट सुचलंही होतं, पण वही मिटून ठेवली. गोळीने असेल.


रविवार, २० जुलै

गृहस्थ गेले. दोन पेट्या, इस्त्री, कप. फाटकाच्या तिन्ही किल्ल्या टेबलावर ठेवून गेले. लोकांची लग्नं लावणाऱ्या बाईचा नवरा चार महिन्यांत घर सोडून गेला. हे बाहेर फुटलं तर माझी सगळी बाटल्यांची कपाटं रिकामी होतील. म्हणून मी फुटण्याआधीच फोडलं. काईला सांगितलं, "डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. जबडा बरा होईपर्यंत खोली वेगळी हवी."

"डॉक्टरीण शहाणी आहे," काई म्हणाली. "माझी आईपण अशीच राहिली जन्मभर."

"आणि तुम्ही सात भावंडं?"

"भांडं पोचवून लगेच परत यायचं असा नियम नव्हता."

भिंतीवर कपाची रेघ रिकामी आहे. खिळ्याला चहाची गाळणी अडकवून बघितली. बरी दिसेना, काढली.


मंगळवार, २२ जुलै

नवऱ्याला उपाशी ठेवलं असं कुणी म्हणू नये म्हणून भांडं भरलं. बांकू, भेंडीचा रस्सा, तळलेला मासा, वर शितोची तिखट चटणी. ट्रोट्रो बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवणार होते, पण त्याने रस्सा सांडला असता. स्वतःच बसले. भांडं मांडीवर गरम.

जेम्सटाउनच्या घराच्या दारात गृहस्थ उभे होते. बऱ्याच वेळचे असावेत, कारण शेजारची बाई म्हणाली, "आली बाबा तुझी. आता तरी टेक."

"उशीर झाला का?" मी विचारलं.

"नाही. मी आत्ताच आलो."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मी काईच्या मांजराला पाच पिल्लं झाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे ती खरंच गरोदर होती? आपण डोक्यांना उगाच दोष दिला." मग दिवे लागेपर्यंत काहीबाही बोलत बसलो. बाक टोचत नव्हता.


रविवार, २७ जुलै

शुक्रवारी पाऊस फार झाला आणि ट्रोट्रो बंद पडले, म्हणून जेम्सटाउनलाच राहावं लागलं. स्प्लिंट घरी कपाटात, लाल गार्डही तिथेच. सकाळी भीतभीत तोंड उघडलं. उघडलं. आवाजसुद्धा नाही. समुद्राचा वारा जबड्याला चांगला असतो असं दिसतं, डॉक्टरांनी यावर विचार करायला हवा.

काल दुपारी रस्त्यावर भाजलेलं कणीस आणि खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि खाऊन झाल्यावर लक्षात आलं की मी कणीस खाल्लं.

आणि हेही लक्षात आलं की हे कुणाला सांगायचं नाही. जबडा बरा होईपर्यंत, असं मी साऱ्या गल्लीला सांगून बसले आहे. बरा झाला म्हटलं की लोक विचारणार, मग ते परत का येत नाहीत? येतील बिचारे. पेट्या, इस्त्री, कप. साडेसहा. कुलपं. घर त्यांचंच आहे, त्यांना नाही म्हणायला माझ्याजवळ काय कारण आहे?

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "जबडा?"

"आहे तसाच," मी म्हटलं. माझ्या दातात मक्याचं साल अडकलेलं होतं. त्यांनी बघितलं असावं. ते म्हणाले, "सावकाश होईल. घाई नाही."


मंगळवार, २९ जुलै

डॉक्टर सेलासीकडे. तीन बोटं, सुटसुटीत. ती खूश. स्प्लिंट उलटसुलट करून बघितली, नवा ओरखडा नाही.

"रोज घालता ना?"

"आठवेल तेव्हा."

"काही बदललं का, आँटी, मधल्या काळात?"

"काही विशेष नाही. शेजाऱ्याचा जनरेटर बिघडला."

ती खाली मान घालून हसली आणि काहीतरी लिहिलं. या वेळी निदान जनरेटर लिहून घेतला असावा.


बुधवार, ३० जुलै

छप्पर झालं. गृहस्थांनी मला खोली दाखवायला आत नेलं. पलंग, कपाट, भिंतीवर हातोडा, करवत, पक्कड, प्रत्येकाभोवती रेघ. कप त्याच्या रेघेत. मला जुनी आठवण येऊन तोंड आवळणार असं वाटलं, पण आवळलं नाही.

दाराशेजारी कमरेएवढ्या उंचीवर एक नवी फळी ठोकलेली. फळीवर पेन्सिलीने एक गोल, दोन्ही बाजूंना कान.

"हे काय?"

"तुझ्या भांड्याची जागा," अशितेई म्हणाला. "मी परत येणार नाहीये, अदोले. तोंड उघडलं तरी. तुला चालेल ना?"

मी हातातलं भांडं त्या गोलात ठेवलं. बोलता येत होतं, तरी.


गुरुवार, ३१ जुलै

होमोवो परवा. बाजारात तांबोशी महागली आहे तरी मोठी घेतली. लसूण आलं लावून तळली. गालफडं फुगलेली, डोळे पांढरे, कडा कुरकुरीत. भांड्यात बांकू घातला, रस्सा घातला, शेपटीकडचा तुकडा माझ्या ताटात काढला.

डोकं हातात घेऊन जरा वेळ उभी राहिले. तीन बोटं उघडत होतं तोंड, तपासून बघितलं.

मग ते अशितेईच्या भांड्यात सगळ्यात वर ठेवलं, झाकण लावलं, फडक्याला गाठ मारली आणि फाटक नुसतं ओढून घेऊन निघाले.